खेळाच्या मैदानाचं आरक्षण उठतंय: हरकतीच्या मुदतीत वस्तीने काय करायचं?

अंगणवेल (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. आमच्या चार-पाच सोसायट्यांच्या मधोमध एक भूखंड शहराच्या विकास आराखड्यात 'खेळाचे मैदान' म्हणून आरक्षित आहे. वर्षानुवर्षं पोरं तिथे खेळतात, गणपतीत मांडव पडतो, संध्याकाळी म्हातारी माणसं फेऱ्या मारतात. महापालिकेने जागा अजून ताब्यात घेतलेली नाही, सातबारा मूळ मालकाच्याच नावावर आहे. आता हे आरक्षण वगळून जागा रहिवास विभागात घेण्याचा फेरबदल निघालाय आणि एक महिन्यात हरकती-सूचना मागवल्यात.

सूचना पेपरात छापून आली होती, आमच्यापैकी अनेकांनी ती पाहिलीही होती. 'कलम ३७ (१) अन्वये', मौजे अमुक, सर्व्हे नंबर, हिस्सा नंबर, क्षेत्र चौरस मीटरमध्ये. चौकाचं नाव नाही, रस्त्याचं नाही, शेजारच्या शाळेचंही नाही. शेवटी एका काकांनी घराचं जुनं खरेदीखत काढलं. त्यात चतुःसीमेत 'पूर्वेस सर्व्हे नंबर अमुक' असं होतं, तेव्हा कळलं की हे आपल्याच मैदानाबद्दल आहे.

त्यानंतर जमेल तेवढं वाचून काढलं. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ सालचा. त्यानुसार महापालिका साधारण वीस वर्षांसाठी आराखडा करते. आधी इरादा जाहीर होतो, मग आज जमिनीवर काय आहे याचा 'विद्यमान जमीन वापर' नकाशा होतो, मग कलम २६ खाली प्रारूप आराखडा (म्हणजे मसुदा) प्रसिद्ध करून हरकती मागवतात. त्या ऐकायला कलम २८ खाली नियोजन समिती असते: स्थायी समितीचे तीन सदस्य आणि सरकारने नेमलेले जास्तीत जास्त चार जाणकार. शेवटी आराखडा राज्य सरकारकडे जाऊन कलम ३१ खाली मंजूर होतो. मंजुरीनंतर मधेच किरकोळ बदल करायचा तर कलम ३७. आमचं प्रकरण या शेवटच्या प्रकारातलं.

आमच्याकडे अर्ध्या लोकांना वाटत होतं की जागा आपली नाही तर आपण कोण बोलणार? तर कायदा हा हक्क फक्त मालकाला देत नाही, कोणत्याही व्यक्तीला देतो. भाडेकरू असो, शेजारच्या गल्लीतला असो, मैदानाकडेला भेळेची गाडी लावणारा असो, सगळ्यांना हरकत घेता येते.

माझे प्रश्न असे. एकच सामूहिक हरकत द्यावी की प्रत्येकाने वेगळी? पत्रात नेमकं काय लिहावं? आणि ज्यांनी आपापल्या गावात हे केलंय, त्यांना काय अनुभव आला?

नकाशावाचक

मी नगररचनेच्या कामात आरेखक म्हणून बरीच वर्षं काढली, आता निवृत्त आहे.

ताई, आधी एक तपासा. ही जागा विकास आराखड्यातलं आरक्षण आहे, की तुमच्या ले-आउटमधली खुली जागा? मोठ्या जमिनीचा ले-आउट मंजूर करताना दहा टक्के जागा खुली सोडावी लागते. ती त्या ले-आउटमधल्या भूखंडधारकांच्या वापराची असते आणि तिच्यावर त्यांचा वेगळाच हक्क पोचतो. लोक या दोन्हींत गल्लत करतात आणि पहिलीच हरकत चुकीच्या पायावर उभी राहते. नगररचना विभागात अर्ज करून झोन दाखला (जागा आराखड्यात कोणत्या वापरासाठी आहे त्याचा दाखला) आणि भाग नकाशा (आराखड्यातला तेवढ्या भागाचा नकाशा) काढा. शुल्क फार नसतं. नकाशावर आरक्षणाचा क्रमांक असेल, तो टिपून घ्या, पुढे सगळीकडे लागेल.

आता पत्राचं. हरकती आल्या की त्यांचा तक्ता होतो. रकाने ठरलेले: अनुक्रमांक, अर्जदाराचं नाव, सर्व्हे नंबर, हरकतीचा गोषवारा, कार्यालयाचा अभिप्राय, शिफारस. तुम्ही चार पानं लिहिलीत तरी गोषवाऱ्याच्या रकान्यात दोन ओळीच बसतात, आणि त्या कोणत्या हे तक्ता भरणारा ठरवतो. म्हणून पत्राच्या सुरुवातीलाच दोन ओळींत स्वच्छ मागणी लिहा. त्याच ओळी उचलल्या जातात.

सामूहिक की वेगळी? दोन्ही द्या. एकसारख्या छापील अर्जांचा गठ्ठा तक्त्यात एकाच ओळीत जातो: 'क्रमांक अमुक ते अमुक, हरकत समान'. संख्या दिसते, तिचा उपयोग होतो, नाही असं नाही. पण अर्जात वेगळी माहिती असेल तर तिला वेगळा अभिप्राय लिहावा लागतो. शाळेने लिहावं की आमच्या आवारात मैदान नाही, मुलं इथेच येतात. ज्येष्ठ नागरिक संघाने आपलं लिहावं. ज्यांच्या तळमजल्यात पावसाळ्यात पाणी शिरतं त्यांनी मैदानात किती पाणी मुरतं ते फोटोंसह लिहावं. मंडळाने मांडवाच्या परवानग्या जोडाव्यात, म्हणजे वापर सार्वजनिक आणि जुना आहे हे कागदावर येतं.

पत्रात 'मला सुनावणीची संधी मिळावी' हे वाक्य विसरू नका. आवक विभागाचा शिक्का आणि क्रमांक घेतल्याशिवाय टेबल सोडू नका.

सरळमार्गी

मनापासून विचारतो, याने खरंच काही होतं का? आमच्या गावात लोकांनी सुट्ट्या टाकून हरकती दिल्या, सुनावणीला गेले. प्रत्येकाला काही मिनिटं मिळाली. नंतर आराखडा जसाच्या तसा मंजूर. लोकांचा उत्साह एकदा मेला की परत येत नाही. अंगणवेलताईंनी मंडळींना घेऊन जावं, पण खोटी आशा दाखवू नये.

मृदगंध

सरळमार्गी, तुमचं दुःख समजतं. पण पुण्यातली दोन उदाहरणं सांगते.

पुण्याच्या जुन्या हद्दीचा प्रारूप आराखडा २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा ८७ हजारांच्या आसपास हरकती-सूचना आल्या. सोसायट्या, मंडळं, पेठांतले वाडेमालक, टेकडीवर फिरायला जाणारे, सगळ्यांनी लिहिलं. पुढे सुनावण्या लांबल्या, मुदती उलटल्या आणि २०१५ मध्ये राज्य सरकारने आराखडा महापालिकेकडून काढून विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखालील तीन सदस्यांच्या समितीकडे दिला. मंजुरी आली जानेवारी २०१७ मध्ये. म्हणजे लोकांनी भरभरून सांगितलं, पण निर्णयाचं टेबल मधेच बदललं. इथे तुमचा अनुभव खरा ठरतो.

दुसरं उदाहरण टेकड्यांचं. १९९७ मध्ये तेवीस गावं पुण्यात आली, त्यांच्या टेकड्यांवर बांधकाम होऊ द्यायचं की नाही यावर वर्षानुवर्षं रान पेटलं होतं. थोडंफार बांधकाम चालू द्या म्हणणाऱ्यांत मोठी वजनदार माणसं होती. तरी नागरिक हटले नाहीत. सह्या गोळा केल्या, हरकती दिल्या, प्रत्येक बैठकीला हजर राहिले. अखेर २०१५ मध्ये सुमारे ९७८ हेक्टरवर जैवविविधता उद्यानाचं आरक्षण सरकारने मान्य केलं. आज बावधन-वारज्याकडून बघताना टेकडीच्या माथ्यावर जे हिरवं दिसतं, त्यात या लोकांच्या चिकाटीचा वाटा आहे.

पण तेही अपुरंच आहे हं. जमिनी प्रत्यक्ष ताब्यात घेण्याचं काम रखडलेलं आहे आणि मोबदल्याचा वाद मिटत नाही. आरक्षण लागलं म्हणजे लढाई जिंकली असं समजून घरी बसलं की टेकडी खालून कुरतडली जाते.

माळरान

मी वेगळ्या बाजूने लिहितोय. आमच्या आजोबांच्या नावावरची पावणेदोन एकर जमीन आराखड्यात शाळेसाठी आरक्षित झाली. शाळा आजतागायत झाली नाही. बँक त्या जमिनीवर कर्ज देत नाही, गिऱ्हाईक निम्मा भाव सांगतं, भावाच्या मुलीच्या लग्नाला विकायची म्हटलं तर विकता येईना. आजूबाजूच्या शेतांवर इमारती उठल्या आणि त्यांतली माणसं आमच्या बांधावर येऊन म्हणतात, 'ही जागा मोकळी राहिली पाहिजे.' राहू द्या की, आमचं म्हणणं नाही. पण वीस-पंचवीस वर्षं तिची किंमत एकट्या आमच्या घराने का मोजायची?

कायद्यात आमच्यासाठी कलम १२७ आहे. अंतिम आराखड्याला दहा वर्षं झाली आणि जागा घेतली नाही तर मालक खरेदी सूचना, म्हणजे 'जागा विकत घ्या नाहीतर सोडा' अशी नोटीस, देऊ शकतो. त्यानंतर चोवीस महिन्यांत संपादनाचं पाऊल उचललं नाही तर आरक्षण व्यपगत होतं, म्हणजे आपोआप संपतं. पूर्वी ही मुदत याहून कमी होती. अंगणवेलताई, तुमच्या मैदानाच्या मालकाने अशी सूचना दिली आहे का, हे आधी शोधा. दिली असेल तर नुसतं 'मैदान ठेवा' म्हणून भागणार नाही.

अंगणवेल (धागाकर्ती)

माळरानदादा, तुम्ही आलात आणि इतकं मोकळेपणाने लिहिलंत, खूप आभार. आमच्या बैठकीत मालकाचा विषय 'बिल्डरला विकायचीय त्याला' एवढ्या एका वाक्यात संपला होता. तसं व्हायला नको. आमच्या हरकतीत आता दोन मागण्या राहतील: आरक्षण कायम ठेवा, आणि येत्या अंदाजपत्रकात संपादनासाठी तरतूद करून मालकाला रोख किंवा टीडीआरने (जागेच्या बदल्यात दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क) मोबदला द्या. खरेदी सूचनेबद्दल उद्याच चौकशी करते. माहिती अधिकारात अर्ज करावा का?

नकाशावाचक

माहिती अधिकाराचा अर्ज जरूर करा, पण त्याच्यावर विसंबू नका. उत्तराची मुदत तीस दिवसांची आणि तुमची हरकतीची मुदतही महिन्याचीच. उत्तर येईतो वेळ निघून जाईल. त्यापेक्षा फेरबदलाची नस्ती (फाइल) बघू द्या असा साधा लेखी अर्ज नगररचना विभागात द्या. प्रस्ताव कुणी मांडला, महासभेचा ठराव काय, कारण काय दिलंय, खरेदी सूचना जोडली आहे का, हे त्यात दिसेल. बघू दिली नाही तर तेही हरकतीत लिहा: 'प्रस्तावाची कागदपत्रे पाहण्यास मिळाली नाहीत.'

माळरान यांचा मुद्दा फार मोलाचा आहे. मी नोकरीत असताना असं कितीदा तरी पाहिलं की रहिवासी आणि मालक सुनावणीत एकमेकांवर ओरडून थकतात, आणि जागा वेळेवर का घेतली नाही, हा प्रश्न ज्यांना विचारायचा ते शांत बसून राहतात.

वेसावकर

मुंबईची गोष्ट सांगतो, कारण सरळमार्गी यांना त्यात थोडा तरी दिलासा मिळेल. २०१४ ते २०३४ चा प्रारूप आराखडा फेब्रुवारी २०१५ मध्ये आला. त्याच्या आधी विद्यमान जमीन वापराचा नकाशा लोकांसमोर ठेवला होता, तेव्हाच संस्था आणि वस्त्यांतली माणसं प्रभागवार बसून चुका काढत होती. प्रारूप आलं तेव्हा तर गहजब झाला. वारसा इमारती चुकीच्या दाखवलेल्या, उभ्या घरांवरून रस्ते गेलेले, आरे बांधकामाला खुलं करायचा प्रस्ताव. हजारो हरकती पडल्या. २१ एप्रिल २०१५ ला मुख्यमंत्र्यांनी आराखडा नव्याने दुरुस्त करायला सांगितलं. सुधारित प्रारूप २०१६ च्या मे महिन्यात आलं, मंजुरी २०१८ मध्ये. एवढा मोठा आराखडा लोकांच्या रेट्यापुढे मागे घ्यावा लागला, हे आपल्या डोळ्यांदेखत झालंय.

आम्हा कोळ्यांचं दुखणं मात्र वेगळं. घर नकाशावर दिसतं. पण बोंबील सुकवायच्या वलांड्या, जाळी विणायची जागा, होड्या ओढून ठेवायचा किनारा, हे सगळं वरून बघणाऱ्याला मोकळं दिसतं. आमच्या दृष्टीने ती कामाची जागा, गिरणीत मशीन असतं तशी. म्हणून कोळीवाड्यांनी आणि गावठाणांनी मागणी लावून धरली की आमच्या सीमा मोजा आणि आराखड्यात दाखवा. २०१८ ची मंजुरी झाली तरी ते सीमांकन रेंगाळतच राहिलं.

माझं सांगणं एवढंच की प्रारूप यायची वाट बघू नका. विद्यमान जमीन वापराचा नकाशा होत असतो तेव्हाच जाऊन बघा. त्यात तुमचं मैदान 'रिकामी जमीन' लागलं की पुढचं सगळं त्या चुकीवर रचलं जातं.

पाऊलवाट

वेसावकर, अगदी. आमची वस्ती गुंठेवारीतली, म्हणजे मंजूर ले-आउटशिवाय गुंठ्या-गुंठ्याने विकलेल्या जमिनीवरची. घरं तीसेक वर्षांची, नळ आहे, वीज आहे, घरपट्टी भरतो. आराखड्यात आमच्या चार गल्ल्यांवर बगीचा आरक्षित. आम्हाला ते कळलं कधी, तर घराच्या दुरुस्तीची परवानगी मागायला गेलो तेव्हा.

पलीकडच्या मोठ्या सोसायटीने हरकत दिली होती, 'बगीच्याचे आरक्षण विकसित करून अतिक्रमणे काढावीत.' त्यांना बगीचा हवा यात गैर काही नाही. पण आमच्याशी कुणी एकदा तरी बोलायला हवं होतं. त्यांच्याकडे कामाला जाणाऱ्या बायका आमच्याच गल्लीतल्या आहेत.

अंगणवेलताई, तुमच्या मैदानाच्या कडेला एखादी वस्ती असेल तर तिथल्या लोकांना बैठकीला बोलवा. त्यांचीही पोरं त्याच मैदानावर खेळतात. आणि पत्राची भाषा त्यांना समजावून सांगा, सही तेवढी मागू नका.

अंगणवेल (धागाकर्ती)

पाऊलवाट, आहे, मैदानाच्या मागच्या नाल्यालगत आहे. आम्ही अजून त्यांच्याकडे गेलो नव्हतो. रविवारी जाणार. बैठक सोसायटीच्या हॉलमध्ये घेण्याऐवजी मैदानावरच घेऊ, म्हणजे कुणाला परकं वाटणार नाही.

जर्सीकर

न्यू जर्सीतून लिहितोय. इथे एखाद्याला झोनिंगच्या नियमातून सवलत हवी असली तर त्याच्या जागेपासून २०० फुटांच्या आतल्या प्रत्येक मालमत्ताधारकाला सुनावणीच्या किमान दहा दिवस आधी नोटीस द्यावी लागते. हाती द्या नाहीतर नोंदणीकृत पत्राने पाठवा. नोटिशीत जागेचा पत्ता, काय बांधायचंय, नकाशे कुठे बघायला मिळतील, सगळं असतं. मग संध्याकाळी टाउन हॉलमध्ये सुनावणी होते, कामावरून परतलेली माणसं जाऊ शकतात, अर्जदाराच्या तज्ज्ञाला शेजारी स्वतः प्रश्न विचारू शकतात. अंगणवेल यांना खरेदीखत काढून सर्व्हे नंबर जुळवावा लागला हे वाचून वाईट वाटलं. शेजाऱ्यांना साधी चिठ्ठी आणि जागेवर मोठा फलक, एवढं तरी आपल्याकडे सक्तीचं व्हायला हवं.

पण इथली दुसरी बाजूही सांगायला हवी. याच सुनावण्यांत सधन वस्त्या परवडणाऱ्या घरांना विरोध करतात. कारण देताना रहदारीचं देतात, शाळेवरच्या ताणाचं देतात, मनात मात्र गरीब शेजारी नको असतात. माउंट लॉरेल नावाच्या गावाचा खटला यावरूनच गाजला. १९७५ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की झोनिंगचे नियम वापरून गावांना गरिबांना बाहेर ठेवता येणार नाही. पाऊलवाट यांनी जे लिहिलंय ते म्हणूनच फार महत्त्वाचं वाटलं. वस्तीचा सहभाग म्हणजे नेमका कुणाचा, हे दर वेळी विचारायला हवं.

तांबडीमाती

गोव्यातून. आमच्याकडे २००६ च्या अखेरीस प्रादेशिक आराखडा २०११ वरून रान उठलं. डोंगर, शेतं, किनारे असं बरंच काही वसाहतीसाठी रंगवलेलं. गोवा बचाव अभियान उभं राहिलं, गावोगाव सभा झाल्या आणि २००७ च्या सुरुवातीला सरकारला तो आराखडा मागे घ्यावा लागला. मग २०२१ चा आराखडा करताना वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांच्या सहभागाने कृतिदल नेमलं आणि मसुदे पंचायतींकडे पाठवले. लोक नकाशे घेऊन बांधावर उतरले, आपला ओहोळ, आपली खाजन शेती (खाडीकाठी बांध घालून केलेली), आपलं देवराईचं रान त्यात दाखवू लागले. माझ्या माहितीत जमीन नियोजनात सामान्य माणूस इतका खोल उतरल्याचं दुसरं उदाहरण नाही.

तरी पुढे काय झालं बघा. २०२३ मध्ये नगरनियोजन कायद्यात १७ (२) हे पोटकलम आलं. आराखड्यातल्या 'चुका दुरुस्त' करायच्या नावाखाली एकेका भूखंडाचा झोन बदलायची वाट त्यातून मोकळी झाली. लोक न्यायालयात गेले आणि मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने त्याखालचे नियम आणि मार्गदर्शक तत्त्वं रद्द केली. गावाने एकत्र बसून केलेला आराखडा असा तुकड्यातुकड्याने उसवतात. तुमच्या कलम ३७ वरही अशीच नजर ठेवावी लागेल.

सनद

वकिली करतो, म्हणून न्यायालयाचा मुद्दा मांडतो. बंगळूरमध्ये राजमहाल विलास विस्तार नावाच्या वसाहतीत उद्यानासाठी राखलेली जागा एका खासगी वैद्यकीय न्यासाला रुग्णालयासाठी देण्यात आली. रहिवासी न्यायालयात गेले. 'तुमचा काय संबंध' असा आक्षेप घेतला गेला. १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंगळूर मेडिकल ट्रस्ट विरुद्ध मुद्दप्पा या खटल्यात सांगितलं की वसाहतीतल्या रहिवाशांना दाद मागायचा पूर्ण अधिकार आहे, आणि उद्यानाची जागा अशी खासगी संस्थेला देता येत नाही. शेजाऱ्याला 'तू कोण' म्हणणाऱ्यांना हे आजही उत्तर आहे.

ताई, तुमच्या हरकतीत एक कायदेशीर मुद्दा जरूर घाला. कलम ३७ चा फेरबदल आराखड्याचं मूळ स्वरूप न बदलणाराच असावा लागतो. परिसरातलं एकमेव मैदान काढून तिथे इमारती येणार असतील तर स्वरूप बदलतं, असं म्हणायला जागा आहे. 'एकमेव' म्हणायचं तर ते दाखवा: आराखड्यातून आसपासची सगळी मैदानं शोधा, त्यांपैकी प्रत्यक्षात किती आहेत ते लिहा.

आणि मुदतीत हरकत न देता नंतर न्यायालयात धाव घेतली तर पहिला प्रश्न येतो, 'तेव्हा कुठे होता?' मोठ्या धोरणात न्यायालयं सहसा हात घालत नाहीत, प्रक्रिया पाळली का ते मात्र बारकाईने बघतात. त्यामुळे तुमची पोच, तुमचे मुद्दे, सुनावणीची नोंद, हेच पुढे कामी येतं.

सरळमार्गी

सगळ्यांचे प्रतिसाद वाचले. मुंबईचं आणि टेकड्यांचं उदाहरण पटलं. तरी एक बोच आहे. २०२२ पासून बहुतेक मोठ्या महापालिकांत प्रशासक होते, निवडणुका थेट जानेवारी २०२६ मध्ये झाल्या. त्याच काळात, २०२५ मध्ये, पिंपरी-चिंचवडचा प्रारूप आराखडा आला आणि हजारो लोकांनी हरकती दिल्या, पण स्थायी समितीत बसून बोलणारा निवडून आलेला माणूस तेव्हा एकही नव्हता. ७४ व्या घटनादुरुस्तीने तीन लाखांवरच्या शहरांत प्रभाग समित्या सांगितल्या, आपल्याकडे क्षेत्र सभेचीही (प्रभागातल्या एकेका भागातल्या मतदारांच्या सभेची) तरतूद कायद्यात आली. किती जणांनी क्षेत्र सभा बघितली आहे? ती भरत असती तर मैदानाचा प्रस्ताव आधी तिथे आला असता. पेपरातल्या नोटिशीतून कळायची वेळ आली नसती.

मृदगंध

+१. नगरसेवक नुकतेच निवडून आलेत, तर क्षेत्र सभा भरवा ही मागणी आत्ताच लावून धरायला हवी. अंगणवेल, तुमच्या प्रभागातल्या नगरसेवकांना हरकतीची प्रत द्या आणि ठरावाच्या वेळी त्यांचं मत काय होतं ते विचारा. ठराव ते निवडून यायच्या आधीचा असेल तर फेरविचाराचा प्रस्ताव मांडायला सांगा.

माळरान

आणि मालकाला भेटा. पत्र देण्याआधी भेटा. त्याला टीडीआर किती मिळू शकतो, रोख मोबदला किती, हे कुणी नीट सांगितलंच नसेल. आम्हाला तरी कुणी सांगितलं नव्हतं.

अंगणवेल (धागाकर्ती)

मंडळी, बैठक मैदानावर झाली. नाल्यालगतच्या वस्तीतली माणसं आली, शाळेच्या मुख्याध्यापिका आल्या. मालकांचे चिरंजीव भेटले. त्यांनी खरेदी सूचना अजून दिलेली नाही. मोबदला वेळेत मिळणार असेल तर मैदानाला विरोध नाही, असं त्यांनी तोंडी सांगितलं, लेखी द्यायला विचार करतो म्हणाले. नस्तीही बघायला मिळाली. फेरबदलाच्या कारणात 'सदर जागेची मैदानासाठी आवश्यकता नाही' एवढंच एक वाक्य आहे, त्याला आधार काहीच जोडलेला नाही.

तुम्हा सगळ्यांच्या सूचनांवरून मुख्य हरकतीचा मसुदा केलाय. काही राहिलं असेल तर सांगा:

'मागणी: मौजे ___, स. नं. ___ मधील खेळाच्या मैदानाचे आरक्षण वगळण्याचा कलम ३७ खालील प्रस्तावित फेरबदल रद्द करावा. सदर जागेच्या संपादनासाठी येत्या अंदाजपत्रकात तरतूद करून मालकास नियमानुसार मोबदला द्यावा.

कारणे: सदर जागेचा मैदान म्हणून सार्वजनिक वापर अनेक वर्षांपासून सुरू आहे (मांडव परवानग्या व फोटो जोडले आहेत). लगतच्या शाळेस स्वतःचे मैदान नाही (मुख्याध्यापकांचे पत्र जोडले आहे). आराखड्यात आसपास दर्शविलेल्या अन्य मैदानांपैकी एकही प्रत्यक्षात विकसित झालेले नाही (यादी जोडली आहे). सबब या बदलाने परिसरापुरते आराखड्याचे स्वरूप बदलते व तो कलम ३७ च्या कक्षेत बसत नाही. मैदानाची आवश्यकता नसल्याच्या विधानास प्रस्तावात कोणताही आधार दिलेला नाही. आम्हास प्रत्यक्ष सुनावणीची संधी द्यावी.'

नकाशावाचक

उत्तम झालाय. तीन दुरुस्त्या. सर्व्हे नंबरसोबत हिस्सा नंबर आणि आरक्षण क्रमांक दोन्ही लिहा, नाहीतर तक्त्यात हरकत भलत्याच जागेसमोर जाऊन बसते. सूचनेची तारीख आणि क्रमांक विषयात घ्या. आणि अन्य मैदानांच्या यादीत प्रत्येकाच्या समोर आज तिथे काय आहे ते लिहून शेजारी फोटो लावा, नुसतं 'विकसित नाही' म्हणू नका.

कलम ३७ मध्ये शेवटचा निर्णय राज्य सरकारचा असतो, त्याआधी नगररचना संचालकांचं मत घेतलं जातं. म्हणून महापालिकेला दिलेल्या हरकतीची एक प्रत संचालकांना आणि एक नगरविकास विभागाला पाठवा, पत्राच्या तळाला तसा उल्लेख करा. सुनावणीला दोन-तीनच जणांनी बोलावं, त्यांत मुख्याध्यापिका आणि वस्तीतलं कुणीतरी असावं. मालक लेखी देणार असतील तर त्यांचं पत्र त्यांच्याच हातून दिलं जाऊ दे. पोचची मूळ प्रत तुमच्याकडे ठेवा, दाखवायला झेरॉक्स न्या.